कॉलेजच्या बाकावर एक जागा



मांडवाबाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, किमान वेतनावर बोलावे, फार तर यंत्रमागाच्या वीजदरावर बोलावे. बुद्धीने मंद असलेल्या मुलामुलींनी कॉलेजात जावे की नाही आणि गेल्यास त्यांना कोणी कसा हात द्यावा, यावर बोलण्याचा याला अधिकार काय? ही शंका रास्त आहे. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. आमचा अधिकार इतकाच, की या बाबतीत आम्ही स्वतः एक मोठी चूक केली, ती आमच्याच एका सभासदाने आमच्या पदरात घातली आणि पुढची काही वर्षे ती निस्तरताना आम्हांला जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे कांड्या भरण्याच्या कामावर लागलो. वाचनाची गोडी लागली ती या मांडवात. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिचे पाहून गावोगाव अशा माला उभ्या राहिल्या. पाळी सुटली की आम्ही येथे येऊन अगदी मागे, बांबूला टेकून बसत असू. वक्ता अर्थशास्त्रावर बोले, कधी उपनिषदांवर, कधी रशियाच्या पंचवार्षिक योजनांवर. निम्मे डोक्यावरून जाई. परंतु तू सातवी पास, तुला यातले काय कळते, असे म्हणून आम्हांला कोणी उठवले नाही. जे निम्मे कळले त्याच्या बळावर पुढच्या वर्षी थोडे अधिक कळले. आज आम्ही या टेबलाच्या अलीकडे उभे आहोत ते त्या न उठवण्यामुळे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता ती चूक. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक वहिफणी कामगार आला. तो आमचा जुना सभासद. वहीतून आणि फणीतून एकेक धागा ओवण्याचे काम डोळे फोडणारे असते, आणि या माणसाचा हात असा की त्याच्या ओवणीत धागा चुकला असे कधी ऐकले नाही. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा होता. वय एकोणीस. डाऊन सिंड्रोम असलेला. बापाने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली गुणपत्रिका काढली. मुलगा मुक्त विद्यालयाची दहावी पास झाला होता. तेथे पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते आणि एकेक विषय सोडवीत जाता येते. याने तीन वर्षे लावली. बाप म्हणाला, "आण्णा, ह्याला कॉलेजात घालायचाय. तुमी चला प्रिन्सिपॉलसायबांकडं."

आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, "अरे, कशाला त्याला ओझं? कांडी मशीनवर बसवू. चार पैसे मिळतील, तुझ्या नजरेसमोर राहील." आम्ही हे दयेपोटी म्हणालो, आणि म्हणूनच ते अधिक वाईट होते. त्या माणसाने गुणपत्रिका पुन्हा घडी केली. जाता जाता दारात थांबून एवढेच म्हणाला, "आण्णा, तुमी कुठल्या कॉलेजात शिकला? व्याख्यानाच्या मांडवातच की न्हवं? तितं तुमची परीक्षा कुणी घेतली हुती का?"

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो आणि झाल्या बोलण्याची माफी मागितली.

बंधुभगिनींनो, ही मुले कोण हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथे पुष्कळ घोटाळा आहे. पूर्वी आपण 'मतिमंद' म्हणत असू. १९९५ च्या कायद्याने 'मानसिक मंदता' म्हटले. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 'बौद्धिक अक्षमता' म्हणतो. हा वेडेपणा नव्हे, मनाचा आजार नव्हे, औषधाने उतरणारा ताप नव्हे. विचार करणे, शिकणे, अडचण सोडवणे यांत मोठी मर्यादा, आणि त्याबरोबरच रोजच्या व्यवहारातील कौशल्यांत मर्यादा, अशा दोन्ही गोष्टी लहान वयापासून असतील तेव्हा हा शब्द वापरतात. नुसत्या बुद्ध्यंकावरून तो ठरत नाही. आणि या मुलांत आपसांत पुष्कळ अंतर असते. एखाद्यास आयुष्यभर दुसऱ्याचा आधार लागतो, तर एखादा थोड्या साहाय्यावर एकटा प्रवास करतो, हिशेब ठेवतो, वर्तमानपत्र वाचतो. डाऊन सिंड्रोम हे यामागचे एक कारण. त्यात एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते, हे लजन या फ्रेंच डॉक्टरने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवले.

बुद्धी मोजण्याची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने याने सिमॉन या सहकाऱ्याबरोबर पहिली चाचणी तयार केली. तिचा हेतू, कोणत्या मुलाला शाळेत जादा मदत लागेल हे ओळखणे, हा होता. माणसाची बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि कधी न वाढणारी वस्तू आहे, या मताला बिनेने उघड विरोध केला होता. आपल्याकडे डॉ. कामत यांनी १९३४ साली मराठी आणि कानडी मुलांवर अभ्यास करून तिचे रूपांतर केले. बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते. म्हणजे ज्या काट्याने आपण या मुलांना तोलतो, तो काटा मदत कोठे पोचवावी हे कळण्यासाठी निघाला. आपण मात्र दार कोठे लावावे हे ठरवण्यासाठी तो वापरतो.

अशी माणसे किती? २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंगांची नोंद झाली. त्यांत बौद्धिक मंदता असलेले पंधरा लाखांवर होते. त्यांच्यासाठी मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. ती जय वकील शाळा आजही चालू आहे. पुढे आपल्या राज्यात अशा अनेक शाळा निघाल्या आणि त्यांनी फार मोलाचे काम केले. परंतु या शाळा बहुधा अठराव्या वर्षापर्यंत. त्यानंतर नशीब असेल तर मेणबत्त्यांची, कागदी पिशव्यांची कार्यशाळा, नाही तर घरचा उंबरठा. त्याच वयात शेजारची मुले कॉलेजात जातात, मित्र जोडतात, उशिरा घरी येतात, बापाशी वाद घालतात. थोडक्यात, मोठी होतात. आमच्या या मुलाला मात्र मोठे होण्यासाठी जागाच नसते. तो चाळिशीचा झाला तरी गल्लीत 'बाळ' म्हणूनच राहतो.

आता कायदा. २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखल्या आणि वयाची अट पाच वर्षांनी सैल केली. उत्तम झाले. पण आम्ही करार वाचणारी माणसे, आम्ही ओळींच्या मधले वाचतो. त्याच कायद्याने सरकारी नोकरीत जे चार टक्के ठेवले, त्यांतला एक टक्का स्वमग्न, बौद्धिक अक्षम, मनोरुग्ण अशांकरिता वेगळा काढला. कारण उघड आहे. आंधळा आणि बौद्धिक अक्षम यांना एकाच रांगेत उभे केले तर परीक्षेच्या गुणांवर दुसरा नेहमी मागे राहणार. कॉलेजच्या पाच टक्क्यांत मात्र असा वेगळा वाटा नाही. कायद्याला नोकरीच्या बाबतीत जे उमगले ते प्रवेशाच्या बाबतीत उमगले नाही. हा मुद्दा आपल्या आमदार-खासदारांपुढे मांडण्यासारखा आहे.

असो. आम्ही जवळच्या एका कॉलेजात गेलो. प्राचार्य सज्जन होते, चहा दिला. म्हणाले, "जबाबदारी कोणाची? काही झाले तर?" आम्ही कायद्याची प्रत पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली. तीन खेपा झाल्या आणि अकरावी कला शाखेत प्रवेश मिळाला. आम्हांला वाटले लढा जिंकला. कचेरीत पेढे वाटले.

दुसऱ्या आठवड्यात मुलगा हरवला. संध्याकाळी एस. टी. स्टँडवर सापडला. तास कोणत्या खोलीत आहे ते कळेना, विचारायची लाज वाटली, म्हणून बाहेर पडून तो रोज स्टँडवर बसत होता आणि वेळ झाली की घरी येत होता. दहा दिवस हे चालले होते, आणि एकाही माणसाला त्याची उणीव भासली नव्हती. आम्ही तीस वर्षे चळवळ करतो. करारावर सही झाली म्हणजे पगार वाढला असे होत नाही, अंमलबजावणी होते की नाही हे दर महिन्याला पाहावे लागते, हे आम्हीच लोकांना सांगतो. आणि येथे आम्ही सही घेऊन घरी गेलो होतो.

मग मात्र आम्ही बसलो. बाप, आई, एक तरुण प्राध्यापक, जवळच्या विशेष शाळेतल्या एक अनुभवी बाई, आणि तो मुलगा स्वतः. शेवटचे नाव महत्त्वाचे आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेला माणूस कायद्याने प्रौढ असतो. त्याच्याविषयी त्याच्यासमोर त्याला वगळून बोलू नये, एवढी साधी गोष्ट शिकायला आम्हांला त्या बाईंनी लावली. त्याला विचारले, तुला काय आवडते? तो म्हणाला, "इतिहास. आणि कँटीन." सर्वजण हसले, पण उत्तर बरोबर होते. कॉलेजात याच दोन गोष्टींसाठी जातात.

पुढे जे केले त्यात अवघड असे काही नाही. पहिले, प्रवास. बाप आठ दिवस त्याच्याबरोबर बसने गेला. मग आठ दिवस मागच्या बाकावर बसला. मग एक थांबा आधी उतरू लागला. महिन्याने तो घरीच राहिला. रातपाळी करून आलेल्या माणसाने हे केले. दुसरे, वेळापत्रक. प्रत्येक विषयाला एक रंग, खोलीच्या दाराचे छायाचित्र, सारे एका जाड पुठ्ठ्यावर. तिसरे, विषय. कॉलेजच्या नोंदीत विषय सारे राहिले, पण पहिल्या वर्षी प्रत्यक्ष भर दोनच विषयांवर दिला. बाकीच्या तासांना नुसते ऐकायला बसायचे किंवा ग्रंथालयात काम करायचे. चौथे, वाचन. प्राध्यापक प्रत्येक धड्याचे एक पान करून देत. लहान वाक्ये, एका वाक्यात एकच गोष्ट, मोठे अक्षर. या पानाची एक गंमत झाली. महिन्याभरात वर्गातली वीस-पंचवीस मुले ते पान मागू लागली! मागवाल्यांची, शेतमजुरांची, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी मुले ती. एका अडलेल्या मुलासाठी केलेली वाट किती जणांना हवी होती, हे तेव्हा कळले.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, सोबत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने वर्षाला एकशेवीस तास सेवा करायची असते. झाडे लावतात, रस्ते झाडतात. प्राध्यापकांनी दोन मुले आणि एक मुलगी यांचे काही तास या कामी लावले. एक तासाला सोबत बसणार, एक कँटीनला नेणार, एक परीक्षेच्या तयारीला. प्रथम ती सेवाच होती, आणि मुलाला ते कळत होते. दिवाळीनंतर त्यातल्या एकाने तासांची वही भरणे सोडून दिले. प्राध्यापकांनी विचारले तेव्हा म्हणाला, "सर, मित्राबरोबर चहा प्यायचे तास कुठं मांडायचे?"

परदेशांत हे काम पूर्वीच सुरू झाले आहे. कॅनडात एडमंटन येथील आल्बर्टा विद्यापीठात १९८७ साली आईबापांच्या पुढाकाराने असा उपक्रम उभा राहिला. तेथे या मुलांचा वेगळा वर्ग नाही. ती इतरांच्याच वर्गात श्रोते म्हणून बसतात, मंडळांत भाग घेतात, सुटीत काम करतात, आणि साहाय्यक माणूस शक्य तितका मागे राहतो. अमेरिकेने २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यात अशा विद्यार्थ्यांची व्याख्या केली आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत त्यांना सरकारी शिष्यवृत्तीची वाट मोकळी केली. स्पेनमध्ये मालागाच्या पाब्लो पिनेदा याने डाऊन सिंड्रोम असून १९९९ साली शिक्षकाची पदविका मिळवली. परंतु पिनेदाचे नाव जपून घ्यावे असे आम्हांला वाटते. हजारांत एकाने शिखर गाठले म्हणून उरलेल्यांना तेथे का पोचला नाहीस असे विचारणे हा अन्याय होईल.

आणि परदेशाकडे पाहायलाच हवे असेही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' ही वाट घालून दिली. शाळेचे दार प्रत्येक वेळी थोडे रुंद झाले, आणि रुंद करताना प्रत्येक वेळी, यांना शिकून काय करायचे आहे, हा प्रश्न कोणी तरी विचारलाच. तो प्रश्न आम्हीही विचारला होता, हे आम्ही लपवलेले नाही.

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतील, हे सारे आम्हीच करायचे काय? येथे आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. आज कितीतरी कॉलेजांत तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक आहेत. घेतलेल्या तासाचे पैसे, आणि तेही महिनोन्महिने थकलेले. त्यांच्या पाठीवर हे काम पुण्य म्हणून लादणे आम्हांला मान्य नाही. साहाय्यक शिक्षक हे पद हवे, त्याला पगार हवा, सोपे पान तयार करण्याचा वेळ कामात मोजला गेला पाहिजे. दयेवर चाललेले काम दया करणारा माणूस बदलून गेला की बंद पडते. आमच्या त्या प्राध्यापकांची नोकरी दुसऱ्या वर्षी संपली, आणि ते पान बंद झाले. पुढे मुलांनीच ते आळीपाळीने लिहिले, ही गोष्ट निराळी. तिच्यावर योजना उभी करता येत नाही.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा मुलगा बारावी पास झाला नाही. दोन विषयांत सुटला, बाकीचे राहिले. प्रत्येक बौद्धिक अक्षम मुलाने कॉलेजात गेलेच पाहिजे असेही आमचे म्हणणे नाही. काहींना हातातले काम अधिक आनंद देते, काहींना गर्दी सोसत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की निवड त्यांची असावी, आणि जे पदवीपर्यंत पोचणार नाहीत त्यांच्यासाठी श्रोता म्हणून बसण्याची सोय आणि त्याचा दाखला असावा. त्यात तो काय शिकला, कोणते काम करू लागला, हे लिहिलेले असावे. ग्रंथालयात त्याने दोन वर्षे पुस्तके लावली. आज तो गावातल्या एका दुकानात माल मांडण्याच्या कामावर आहे. पगार थोडा आहे, पण पगार आहे, आणि तो बँकेत जाऊन स्वतः सही करून काढतो.

त्याचा बाप गेल्या साली वारला. वहिफणीच्या बाकावर बसल्या बसल्याच छातीत कळ आली. अशा मुलांच्या आईबापांना एकच काळजी जन्मभर कुरतडते, आमच्यामागे याचे कोण? त्यानेही आम्हांला हे अनेकदा विचारले होते आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. मयतीच्या रात्री घरी भाऊबंद होते, कामगार होते, शेजारी होते. दहाच्या सुमारास तीन तरुण पोरे मोटारसायकली लावून आत आली. घरातले कोणीच त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी मेलेल्या माणसाची चौकशी केली नाही. त्यांनी मुलाचे नाव घेऊन, तो कुठे आहे, असे विचारले, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन बसली. त्यांतला एक पहाटेपर्यंत बसला होता. तोच तो, तासांची वही सोडून दिलेला.

कॉलेजाने त्या मुलाला काय दिले, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही गुणपत्रिका दाखवीत नाही. ही रात्र सांगतो.

आपल्या गावात कॉलेजे आहेत. त्यांच्या नियामक मंडळांवरची काही माणसे याच मांडवात पहिल्या रांगेत बसली आहेत. त्यांच्यापाशी आमचे मागणे मोठे नाही. येत्या जूनमध्ये प्रत्येक कॉलेजाने अशा दोन मुलांना घ्यावे. प्रवेशाच्या आधी एक बैठक त्या मुलाला समोर बसवून करावी. एका शिक्षकाचे ठरावीक तास पगारासह या कामाला द्यावेत. सेवा योजनेच्या मुलांना सोबतीचे काम सांगावे. आणि 'कमवा आणि शिका' मध्ये या मुलांचेही नाव लिहावे. आमची युनियन आपल्या परीने बसभाड्याचा भार उचलील. हे आम्ही कार्यकारिणीचा ठराव करून सांगत आहोत, व्यासपीठावरच्या उत्साहात नव्हे.

चाळीस वर्षांपूर्वी या मांडवाच्या शेवटच्या बांबूपाशी एक कांडीवाला पोरगा बसत असे. त्याला काही कळत नव्हते, तरी त्याला कोणी उठवले नाही. तेवढेच आपण आणखी काही जणांसाठी करावे, अशी विनंती आहे.